हमीपत्र की हक्कसोडपत्र?

सायकल शर्यतीत नाव नोंदवताना एका मजकुराखाली सही करावी लागते. आता अनेकदा कागदही नसतो. फोनवर एका चौकोनात खूण केली की झाले. मराठीत त्याला ‘हमीपत्र’ म्हणतात. मजकूर साधारण ठरलेला असतो : मी सज्ञान आहे, माझी प्रकृती ठीक आहे, मी स्वखुशीने भाग घेत आहे आणि अपघात, दुखापत किंवा मृत्यू झाल्यास आयोजक जबाबदार राहणार नाहीत.

मी देवगाव रंगारीचा. आमच्या कन्नड तालुक्यात ‘हमी’ आणि ‘हक्कसोड’ यांतला फरक कोणाला समजावून सांगावा लागत नाही. हमीभाव असो की रोजगार हमी, हमी म्हणजे काहीतरी मिळण्याचे वचन. हक्कसोडपत्र म्हणजे बहिणीने भावांसाठी शेतातला वाटा सोडल्याचा कागद. तो दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो आणि सहीआधी घरात चार रात्री बोलणे चालते. शर्यतीचा कागद आहे दुसऱ्या जातीचा, पण नाव मिरवतो पहिल्याचे. त्यातून नेमका कोणता हक्क सुटतो आणि कोणता ‘सोडला’ म्हटले तरी सुटत नाही, हे समजून घ्यायचे तर बरेच मागे जावे लागते.

जोखीम समोरच्याच्या सहीने त्याच्याच अंगावर टाकण्याची पद्धत आपल्याकडे रेल्वेत चांगली रुळली होती. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली आणि दोनच वर्षांनी, १८५५ साली, प्राणघातक अपघातांचा कायदा आला. जुन्या इंग्रजी कायद्याची तऱ्हा अशी होती, की जखमी माणसाला भरपाई मागता येई, पण तो मेला तर त्याच्या कुटुंबाच्या हाती काही उरत नसे. इंग्लंडने १८४६ साली हे बदलले आणि १८५५च्या कायद्याने हिंदुस्थानातही बायको, नवरा, आईबाप आणि मुले यांच्यासाठी दावा लावण्याची सोय झाली. मात्र एक अट होती : मेलेला माणूस जगला असता तर त्याला स्वतःला दावा करता आला असता, असेच प्रकरण हवे. हा कायदा आजही आहे आणि ही अट पुढे उपयोगी पडणार आहे.

१८९०च्या रेल्वे कायद्याने मालाबाबतची आपली जबाबदारी कमी करणारा करार करण्याची मुभा रेल्वेला दिली. पण तो लेखी हवा, माल पाठवणाऱ्याची सही हवी आणि नमुना सरकारने मंजूर केलेला हवा. याच त्या ‘रिस्क नोट’. व्यापारी जोखीम घेई, पण बदल्यात त्याला भाड्यात सवलत मिळे. पुढे कायद्यातल्या दुरुस्तीने ही पद्धत बंद झाली. आजच्या शर्यतीच्या कागदाशी ताडून पाहिले, तर स्पर्धक जोखीम घेतो आणि शुल्कही पूर्ण भरतो. नमुना मात्र कोणी तपासत नाही.

सायकलची शर्यत रेल्वेहून धाकटी. ३१ मे १८६८ रोजी पॅरिसजवळच्या सां-क्लू बागेत झालेल्या शर्यती पहिल्या मानल्या जातात. पुढच्याच वर्षी पॅरिस ते रूआँ अशी गावाहून गावाला जाणारी शर्यत झाली. शर्यत बागेतून रस्त्यावर आली, तशी रस्त्याची सगळी संकटेही तिच्यात आली. १९३५च्या तूर द फ्रान्समध्ये स्पेनचा फ्रान्सिस्को सेपेदा घाट उतरताना पडून गेला, १९९५ साली इटलीचा फाबिओ कासार्तेल्ली. २००३ साली पॅरिस–नीस शर्यतीत आंद्रेई किविलेव्ह गेल्यावर आंतरराष्ट्रीय संघटनेने हेल्मेट सक्तीचे केले. डोकी वाचवण्याचे काम सहीने केले नाही, नियमाने केले.

सहीची खरी परीक्षा अमेरिकेत झाली. कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयापुढे लागोपाठ दोन खटले आले. १९८६च्या खटल्यात रेल्वे फाटक ओलांडताना मोकळ्या पडलेल्या कचऱ्यावर चाक जाऊन स्पर्धक पडला होता. न्यायालय म्हणाले, कागद छोटा आणि स्वच्छ भाषेतला होता, शर्यत ही काही जीवनावश्यक सेवा नव्हे, सही चालेल. १९८७च्या खटल्यात मार्ग रहदारीला बंद असल्याचे सांगितले होते आणि तरी त्यावर मोटार आली. इथे न्यायालय थबकले. बंद मार्गावर समोरून मोटार येईल, हा धोका सही करताना स्पर्धकाच्या मनात होता का, हे पुराव्यानेच ठरले पाहिजे, असे म्हणून त्याने खटला पुढे चालू ठेवला. इंग्लंडने तर १९७७ सालीच कायदा केला होता : व्यवसायातल्या निष्काळजीपणाने मृत्यू किंवा शारीरिक इजा झाली, तर कराराच्या कलमाने वा सूचनेच्या फलकाने जबाबदारी झटकता येत नाही.

आपल्याकडे असा सरळ कायदा नाही. आहे तो १८७२चा करार कायदा. निजामाच्या राज्यात असलेल्या आमच्या भागात तो १९५१ साली लागू झाला. अज्ञान मुलाचा करार मुळातच रद्द, हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली सांगितले. म्हणूनच कागदात ‘मी सज्ञान आहे’ हे आधी येते. पण सज्ञानाची सही म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. कलम २३ लोकहिताविरुद्धचा करार मोडते. न्यायालयाचे दार पूर्ण बंद करणारा करार कलम २८ मोडते. मद्रास उच्च न्यायालयापुढे लाँड्रीत हरवलेल्या साडीचे प्रकरण आले. पावतीवर छापले होते, की कपडा हरवल्यास अर्धीच किंमत मिळेल. न्यायालयाने ही अट लोकहिताविरुद्ध ठरवली. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने नोकरीच्या करारासंदर्भात सांगितले, की दुबळ्या बाजूला ठिपक्यांच्या रेषेवर सही करण्यावाचून गत्यंतर नसेल, तर तसे अन्याय्य कलम टिकणार नाही. २०१९च्या ग्राहक कायद्यात ‘अन्याय्य करार’ हा शब्दच आला.

आयोजकांची बाजूही आहे. शर्यतीला कोणी कोणाला ओढून नेत नाही. अनेक क्लब हौशी लोक पदरमोड करून चालवतात. प्रत्येक खरचटण्याचा दावा झाला, तर शर्यती बंद पडतील. मुंबई–पुणे शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. त्या चढणीवर दम तुटणे आणि उतारावर तोल जाणे हा खेळाचाच भाग आहे. पुणे ते गोवा ही सुमारे ६४० किमीची ‘डेक्कन क्लिफहँगर’ तर चालू रहदारीतून, दिवसरात्र होते. हा धोका स्पर्धकाने ओळखूनच घ्यावा आणि तिथे सहीला अर्थ आहे.

पण वळणावर स्वयंसेवक नाही, रुग्णवाहिका तासभर दूर आहे, ‘बंद’ म्हटलेल्या रस्त्यावर मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली उभी आहे, हे खेळाचे धोके नव्हेत. ही आयोजकाने करायची राहिलेली कामे आहेत. आणि ठोकरणारा ट्रकवाला तर या कराराचा पक्षच नाही. मोटार वाहन कायद्याखाली त्याच्यावर आणि त्याच्या विमा कंपनीवर दावा लागतो, कागदावर काहीही लिहिलेले असो. ‘सही केली होती’ म्हणून घरच्यांनी हा दावा सोडून देऊ नये, म्हणून हे ठासून सांगतो.

आता १८५५ची ती अट. जगला असता तर दावा करता आला असता, तरच कुटुंबाला दावा. म्हणजे आयोजकाविरुद्ध स्पर्धकाने सोडलेला हक्क त्याच्या बायकोमुलांच्याही आड उभा केला जाऊ शकतो, आणि त्यांना तर तो कागद कोणी दाखवलेलाही नसतो. शेतातला वाटा सोडताना आपण सगळे घर बसवतो. इथेही मजकूर घरी मोठ्याने वाचावा. रस्ता बंद आहे की चालू, दवाखाना किती लांब, विमा कोणाचा आणि किती, हे आयोजकाला लेखी विचारावे. त्याची उत्तरे त्याच कागदावर त्याच्या सहीने आली, तर त्याला हमीपत्र म्हणायला माझी हरकत नाही.