खडकावरचा मदनमहाल

जबलपूरजवळच्या टेकडीवर एका प्रचंड ग्रॅनाइट खडकाच्या माथ्यावर मदनमहाल उभा आहे. तो आकाराने लहान, टेहळणीच्या चौकीसारखा. परंपरा तो गोंड राजा मदनसिंहाचा मानते. जबलपूर जिल्ह्यातील कुंडम परिसरातल्या गोंड समाजासाठी हा पूर्वजांच्या राज्याचा पुरावा आहे.

हे राज्य म्हणजे गढा-मंडला. सोळाव्या शतकात संग्रामशाहाने त्याला 52 गढांपर्यंत वाढवले. त्याची सून राणी दुर्गावती 1564 मध्ये अकबराचा सरदार आसफखान याच्याशी लढताना नर्रई नाल्यापाशी धारातीर्थी पडली.

पुढे मराठे आले. 1742 मध्ये पेशवे बाळाजी बाजीरावांनी मंडल्यावर स्वारी केली आणि राजा महाराजशाह मारला गेला. 1781 मध्ये सागरच्या मराठ्यांनी राज्यच खालसा केले. शतकाच्या अखेरीस मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे गेला, तर 1817 मध्ये जबलपूर इंग्रजांच्या हाती पडले.

राज्य गेले, तरी वंश झुकला नाही. 18 सप्टेंबर 1857 रोजी याच घराण्यातले शंकरशाह आणि त्यांचे पुत्र रघुनाथशाह यांना इंग्रजांनी जबलपुरात तोफेच्या तोंडी दिले.