भुलीचं औषध आणि वेळेचा प्रश्न

देवरी-सालेकशाकडच्या एखाद्या घरात कोणी म्हणू लागलं, 'आता जगावंसं वाटत नाही', तर डॉक्टर गोळ्या लिहून देतात आणि सांगतात, गुण यायला दोन-चार आठवडे लागतील. पण तेवढे दिवस काढायचे कसे? आजचा इतिहास या प्रश्नाचा आहे.

नैराश्यावरची पहिली औषधं १९५० च्या दशकात जवळजवळ योगायोगानं सापडली. क्षयरोगावरच्या इप्रोनायझिडनं रुग्णांची मनं उल्हसित झाली. १९५७ मध्ये स्वित्झर्लंडच्या रोलांड कून यांनी इमिप्रामिनचा गुण नोंदवला. तेव्हापासूनची बहुतेक औषधं सेरोटोनिनसारख्या रसायनांवर काम करतात, आणि सावकाश करतात. काहींना तर दोन-दोन औषधं बदलूनही उतार पडत नाही.

दुसरा धागा भुलीचा. केटामाइन १९६२ मध्ये अमेरिकेत कॅल्विन स्टीव्हन्स यांनी तयार केलं. त्यानं श्वास सहसा चालू राहतो, रक्तदाब पडत नाही. म्हणून व्हिएतनामच्या रणभूमीपासून साधनं अपुरी असलेल्या खेड्यातल्या दवाखान्यांपर्यंत ते पोचलं. म्हणजे हे काही परकं औषध नव्हे. भूलतज्ज्ञांच्या नेहमीच्या ओळखीचं.

सन २००० मध्ये येल विद्यापीठात अवघ्या सात रुग्णांवर त्याचा प्रयोग झाला. भुलीपेक्षा कितीतरी कमी मात्रा, आणि तीन दिवसांत फरक! २००६ मध्ये कार्लोस झराटे यांच्या गटानं अठरा रुग्ण घेतले. ७१ टक्के लोकांना एका दिवसात लक्षणीय उतार पडला. केटामाइन मेंदूतल्या ग्लुटामेटच्या यंत्रणेवर काम करतं, एवढं दिसलं. बाकी कोडं अजून सुटायचंय.

पण बघा, हुरळून जायचं नाही. आठवड्याभरात बऱ्याच जणांचा गुण ओसरला. २०१९ मध्ये अमेरिकेनं एसकेटामाइनच्या नाकातल्या फवाऱ्याला मान्यता दिली, तीही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. त्यानं आत्महत्या टळतात, हे अजून सिद्ध झालेलं नाही. गैरवापर होतो म्हणून भारतानं २०१३ मध्ये केटामाइन शेड्यूल एक्समध्ये टाकलं.

म्हणजे या औषधानं मिळतो तो थोडा वेळ. त्या वेळात माणसाजवळ कोणी बसायला हवं. २०१७ च्या कायद्यानं आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला गुन्हेगार नव्हे, तीव्र ताणाखालचा माणूस मानलं. आणि २०२२ पासून टेलिमानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू आहे. गोंदियात २०१६ पासून वैद्यकीय महाविद्यालयही आहे. घरात कोणी तसं बोललं, तर 'होईल बरं' म्हणून सोडू नका. त्याच दिवशी विचारा, सोबत जा.