रक्तातली जोखीम आणि विम्याचा हप्ता

आयुर्विम्याची गोष्ट आपण मुंबईपासूनच सुरू करू. एकोणिसाव्या शतकात युरोपीय विमा कंपन्या भारतीय माणसाकडून जादा हप्ता घेत. कारण काय, तर ही माणसं लवकर मरतात! १८७० साली मुंबईत बॉम्बे म्युच्युअल निघाली आणि तिने आपल्या लोकांना नेहमीच्या दराने विमा दिला.

आता बघा, इथला मृत्युदर युरोपापेक्षा जास्त होताच. पण आकडा खरा असला म्हणून दर न्याय्य ठरतो का? हाच प्रश्न पुढे जनुकांच्या निमित्ताने परत आला.

हंटिंग्टन हा मेंदूचा आजार. बहुधा तिशी-चाळिशीनंतर दिसतो. आईवडिलांपैकी एकाला असेल, तर प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता निम्मी. १९९३ मध्ये त्याचं जनुक सापडलं आणि तो होणार की नाही, हे रक्ताच्या तपासणीतून आधीच कळू लागलं. २००० साली ब्रिटनमध्ये सरकारी समितीने आयुर्विमा कंपन्यांना या तपासणीचा निकाल वापरायला परवानगी दिली. त्यावर मोठा वाद झाला. विम्याच्या धास्तीने लोक तपासणीच टाळतील, ही भीती होती.

कंपन्यांचं म्हणणंही आपण ऐकलं पाहिजे. ज्याला आपला आजार आधी कळला, तो मोठा विमा घेईल आणि भार इतरांवर पडेल. यात तथ्य आहे. म्हणून २००१ मध्ये तडजोड झाली: पाच लाख पौंडांपर्यंतच्या आयुर्विम्यासाठी असा निकाल वापरायचा नाही. त्यावरच्या रकमेला फक्त मंजूर तपासणीचा विचार करायचा.

अमेरिकेच्या २००८ च्या कायद्याने आरोग्यविमा आणि नोकरीत संरक्षण दिलं, आयुर्विमा मात्र बाहेर ठेवला. कॅनडाने २०१७ मध्ये कोणत्याही करारासाठी तपासणीची किंवा निकालाची सक्ती हा गुन्हाच ठरवला. २०२० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात हा कायदा टिकला, पण पाच विरुद्ध चार मतांनी. आपल्याकडे २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने जनुकीय आजार विम्यातून सरसकट वगळणं हा भेदभाव ठरवला. तो खटला मात्र आरोग्यविम्याचा होता.

आम्ही तत्त्वज्ञानवाले इथे एवढंच म्हणू: सिगारेट माणूस स्वतः ओढतो, जनुक कोणी निवडत नाही. न निवडलेल्या जोखमीचा भार एकट्यावर टाकायचा की सगळ्यांनी वाटून घ्यायचा, हे गणित ठरवू शकत नाही. ते आपल्यालाच ठरवावं लागतं. बाकी प्रश्नोत्तरांत बोलू.