कोरडे डोळे, रजोनिवृत्ती आणि कारणाचा शोध

मंडळी, 'कारण' म्हणजे काय हा आपल्या मालेचा विषय. आज त्यासाठी घरातलंच उदाहरण घेऊ. पन्नाशीच्या आसपास कितीतरी बायका सांगतात, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं, जळजळतं आणि वाऱ्यात गेलं की पाणी येतं. घरचे म्हणतात, पाणी येतंय ना, मग डोळे कोरडे कसे? तक्रार तिथंच संपते. पण गंमत अशी, की कोरडेपणा टोचू लागला म्हणजे डोळा घाईघाईनं पातळ पाणी सोडतो. ते गालावर ओघळतं, डोळ्यावर टिकत नाही.

हे दुखणं जुनं आहे. सुश्रुतसंहितेत 'शुष्काक्षिपाक' नावाचा नेत्ररोग आहे आणि त्याचं कारण वात असं सांगितलं आहे. त्याच ग्रंथात दुसरीकडे पाळी साधारण बाराव्या वर्षी येते आणि पन्नाशीला जाते, असंही म्हटलं आहे. म्हणजे दोन्ही गोष्टी माहीत होत्या. माणसाला दोन गोष्टी शेजारी दिसल्या म्हणून त्यांतला संबंध दिसतोच असं नाही.

युरोपात 1666 साली हाइनरिश माइबोम यांनी पापण्यांच्या कडांतल्या बारीक ग्रंथींचं नीट वर्णन केलं. या ग्रंथी तेलकट थर देतात, त्यामुळे डोळ्यावरचं पाणी लगेच उडून जात नाही. 1903 मध्ये ओटो शिर्मर यांनी टिपकागदाची पट्टी खालच्या पापणीत अडकवून अश्रू मोजायची रीत दिली. कागद किती मिलिमीटर भिजला ते बघायचं, इतकंच! पण तक्रारीला आकडा मिळाला. ही चाचणी आजही होते.

मग आले स्वीडनचे हेन्रिक शोग्रेन. 1933 मध्ये त्यांनी स्टॉकहोमला प्रबंध सादर केला. त्यात 19 रुग्णांची हकिगत होती. सगळ्या बायका, बहुतेकींची पाळी गेलेली आणि अनेकींना संधिवात. परीक्षकांवर प्रबंधाचा फारसा प्रभाव पडला नाही, पण पुढे आजाराला त्यांचंच नाव लागलं. त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच अश्रूंच्या आणि लाळेच्या ग्रंथींवर हल्ला करते. अर्थात, प्रत्येक कोरडा डोळा शोग्रेनचा नव्हे.

दरम्यान 1929 मध्ये इस्ट्रोन हे संप्रेरक शुद्ध रूपात वेगळं करण्यात आलं. मग तर्क सोपा वाटू लागला: पाळी गेली, इस्ट्रोजेन घटलं, डोळे कोरडे पडले, तेव्हा इस्ट्रोजेन द्या, डोळे ओले होतील.

इथं जरा थांबा. 2001 मध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. पाळी गेलेल्या पंचवीस हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती त्यात होती. नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्यांत कोरड्या डोळ्यांची शक्यता, ते न घेणाऱ्यांच्या तुलनेत, 69 टक्क्यांनी जास्त निघाली. सोबत प्रोजेस्टेरॉन प्रकारचं औषध घेणाऱ्यांत 29 टक्क्यांनी. तर्क उलटाच पडला! हा निरीक्षणाचा अभ्यास होता, म्हणून 'इस्ट्रोजेननंच डोळे कोरडे केले' असंही म्हणता येत नाही. ज्यांना त्रास मुळातच जास्त, त्याच औषधाकडे वळल्या असतील. आपले नैयायिक याला अन्वय-व्यतिरेक नीट तपासा म्हणाले असते. नाहीतर तो काकतालीय न्याय: कावळा बसायला आणि फळ पडायला.

मग दुवा कुठं आहे? संशोधकांचं लक्ष अँड्रोजेनकडे गेलं. आपण त्याला पुरुषी संप्रेरक म्हणतो, पण ते स्त्रीच्या शरीरातही तयार होतं आणि वयाबरोबर हळूहळू घटतं. अश्रुग्रंथी आणि माइबोमच्या तेलग्रंथी, दोन्हींच्या कामाला त्याचा आधार असतो. तो आधार कमी झाला की तेलकट थर बिघडतो आणि पाणी लवकर उडतं. इस्ट्रोजेनचा वाटा आहेच, पण तो सरळ रेषेत नाही. संप्रेरकांचा तोल, वय, सूज, काही औषधं, स्क्रीनकडे टक लावून बघताना कमी झालेली उघडझाप, सगळे हातभार लावतात.

म्हणून निष्कर्ष दोन. पहिला, एका कार्याला एकच कारण शोधायची आपली सवय शरीराला मान्य नाही. त्यामुळे संप्रेरकाच्या गोळ्या डोळ्यांसाठी स्वतःहून सुरू करू नयेत, आणि चालू असतील तर स्वतःहून बंदही करू नयेत, डॉक्टरांना विचारावं. दुसरा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. टिपकागद यायच्या आधीही त्या बायका खरंच बोलत होत्या. मोजता आलं नाही म्हणून दुखणं खोटं ठरत नाही. घरात कुणी म्हणालं, डोळ्यांत खुपतंय, तर 'वयाचं आहे' म्हणून विषय मिटवू नका. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन जा, आणि पाळी गेल्याचं तिथं आवर्जून सांगा.