पडद्यावरचे गाव

चित्रपटांची निवड करू लागले की रसिक नटांची नावे आठवतात, दिग्दर्शकांची आठवतात आणि पारितोषिकांची मोजदाद करतात. ती रीत वाईट नव्हे. पण पुण्यामुंबईच्या खुर्चीवरून केलेली यादी आणि न्हावऱ्यासारख्या गावाच्या ओट्यावरून केलेली यादी एकच असली पाहिजे, असे थोडेच आहे? शिरूरहून चौफुल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. एके काळी आभाळाकडे डोळे लावून बसणाऱ्या मुलखातले, पुढे कालव्याचे आणि उसाचे. अशा गावातल्या माणसाने कोणते चित्रपट अवश्य पाहावेत, हा प्रश्न मी मनाशी घोळवू लागलो, तेव्हा चित्रपटांच्या इतिहासाआधी मला आमच्या तालुक्याचाच इतिहास आठवला.

शिरूर तालुक्यात कर्डे नावाचे गाव आहे. 1874 च्या अखेरीस तिथल्या एका सावकाराने हुकूमनामा मिळवून देशमुखांच्या घरावर हात घातला आणि साऱ्या गावाने त्या सावकारावर बहिष्कार टाकला. पुढच्या वर्षी, 12 मे 1875 रोजी, भीमथडीतल्या सुप्याच्या बाजारात ठिणगी पडली. शेतकऱ्यांनी सावकारांचे कागद ओढून काढले आणि जाळले. माणसांपेक्षा कागदांवर त्यांचा राग अधिक होता, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. सरकारने चौकशीमंडळ नेमले आणि 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला.

या दंग्यांना बरोबर पन्नास वर्षे झाली, तेव्हा, म्हणजे 1925 साली, कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत बाबुराव पेंटर यांनी ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. कथा नारायण हरी आपट्यांची. कर्जापायी जमीन गमावून शहरातल्या गिरणीची वाट धरणाऱ्या तरुण शेतकऱ्याची भूमिका शांतारामबापूंनी केली. त्यापूर्वी आपला पडदा देवादिकांनी आणि राजेरजवाड्यांनी भरलेला होता. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 रोजी गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये लागला, तोही पुराणातूनच आलेला. सत्यासाठी राज्य सोडणारा राजा लोकांनी पाहिला होता. व्याजापायी रान सोडणारा कुणबी आता प्रथमच दिसला. माझ्या यादीत पहिला मान याच चित्रपटाचा, आणि दुर्दैव असे की तो आज पाहायला मिळत नाही. मूळ चित्रपट नष्ट झाला. पेंटरांनी 1936 साली त्याचा बोलपट केला, परंतु मुक्याची सर बोलक्याला आली नाही, असे जाणते सांगत आले.

बोलपटांत पहिली शिफारस ‘संत तुकाराम’ची. दामले-फत्तेलाल यांनी प्रभातसाठी 1936 साली तो काढला. 1937 च्या व्हेनिस महोत्सवात त्याचा गौरव झाला. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम विलक्षण आहेच. पण मला विचाराल तर तो चित्रपट पाहावा गौरीच्या जिजाईसाठी. पोर तापाने फणफणलेले असताना ती पायताण घेऊन विठोबाला जाब विचारायला देवळात जाते. भक्तीची किंमत घरातल्या बाईला कोणत्या नाण्यात मोजावी लागते, हे इतक्या रोखठोक आणि तरीही इतक्या मायेने क्वचितच कोणी सांगितले असेल.

त्याच्या जोडीला 1937 चा ‘कुंकू’ पाहावा. कथा पुन्हा आपट्यांचीच. म्हाताऱ्याशी कपटाने लग्न लावून दिलेली नीरा त्याला नवरा मानायला साफ नकार देते. शांता आपटे यांचा तो ताठा आणि केशवराव दाते यांचा हळूहळू खचत जाणारा काकासाहेब, दोन्ही पाहण्यासारखे. पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. घड्याळाची टिकटिक आणि घरातले आवाज तेवढे ऐकू येतात. हसायचे असेल तर 1938 चा ‘ब्रह्मचारी’ घ्यावा. अत्र्यांची लेखणी आणि मास्टर विनायकांचा औदुंबर, व्याख्यान ऐकून ब्रह्मचर्याचे व्रत घेणारा! आणि डोळे भरून यायचे असतील तर अत्र्यांचाच ‘श्यामची आई’ (1953). राष्ट्रपतींचे सुवर्णपदक सुरू झाले, ते पहिले याच चित्रपटाला मिळाले.

चौफुल्याची कलाकेंद्रे आमच्या भागाला परकी नाहीत, म्हणून तमाशापटांना मी मागे सारणार नाही. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ 1959 चा. पुण्याच्या विजयानंदमध्ये तो 131 आठवडे चालला. जयश्री गडकर आणि हंसा वाडकर त्यात आहेत, लावण्या आहेत. पण त्याचा कणा आहे तो अन्यायाची गोष्ट भर फडात मांडण्याच्या धारिष्ट्याचा. ज्या बाईला गाव नाचवते, तिच्या तोंडून गावाला आपले पाप ऐकावे लागते. नंतरच्या कित्येक तमाशापटांनी त्यातली ढोलकी तेवढी उचलली, धारिष्ट्य मागेच राहिले.

सुप्याच्या दंग्यांना शंभर वर्षे झाली आणि 1975 साली ‘सामना’ आला. जब्बार पटेलांचे दिग्दर्शन, तेंडुलकरांचे लेखन. सावकाराची वही आता गेली होती. तिच्या जागी साखर कारखाना, संस्था, जीप आणि निवडणूक आली होती. निळू फुल्यांचा हिंदूराव सत्तेच्या शिखरावर बसलेला आणि डॉ. लागूंचा मोडलेला मास्तर एकच प्रश्न पुन्हापुन्हा विचारणारा: मारुती कांबळे नावाच्या माणसाचे पुढे काय झाले? न्हावऱ्याच्या शिवारातही घोडगंगा सहकारी कारखाना उभा राहिला. उसाने घरे सावरली, पोरे शिकली, हे कोण नाकारील? ‘सामना’ कोणा एका कारखान्याची गोष्ट नव्हेच. सहकारातून उभी राहिलेली सत्ता जाब द्यायला तयार आहे काय, एवढेच तो विचारतो. आणि जिथे ऊस पिकतो तिथे हा प्रश्न शिळा होत नाही.

यानंतरची पायरी नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ (2013). इथे सावकार नाही, साखरसम्राट नाही. गाव आहे, साधेसुधे. कैकाडी घरातला जब्या डुकराच्या मागे धावतो आणि बघ्यांची करमणूक होते. शाळेत राष्ट्रगीत सुरू होते तेव्हा हातात आलेले डुक्कर सोडून ते कुटुंब ताठ उभे राहते. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड सरळ आपल्या अंगावर येतो. 1925 साली गाव पडद्यावर सोसत होते, 1975 साली त्याच्यातच मालक आणि मुके दिसू लागले, आणि आता तर गावच आरोपी झाले. माझ्या मते हीच आपल्या चित्रपटांची खरी प्रगती. रंग आले, यंत्रे सुधारली, ती नव्हे.

हे चित्रपट आपल्या लोकांनी पाहिले कुठे? एके काळी जत्रेतल्या तंबूत. मालमोटारीत प्रोजेक्टर, जमिनीवर बैठक, मधे पडदा आणि भोंग्यातून जाहिरात. त्या तंबूची उतरती कळा पाहायची असेल तर ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ (2016) हा अनुबोधपट पाहावा. चित्रपट जतन करणे किती अवघड, हेही पुण्यानेच पाहिले आहे. 1964 साली तिथे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, तरी जानेवारी 2003 च्या आगीत जुन्या नायट्रेट फिल्मच्या पुष्कळ प्रती जळून गेल्या.

सुप्याच्या शेतकऱ्यांनी कागद जाळले ते मोकळे होण्यासाठी. आपल्या फिल्मा गेल्या त्या हयगयीने आणि अपघाताने, आणि त्यातून कोणीही मोकळे झाले नाही. म्हणून जे उरले आहे ते पाहून घ्यावे. एकट्याने नव्हे, चार माणसांत बसून पाहावे, आणि दिवे लागल्यावर लगेच उठू नये. बोलण्यासारखे खूप असते.