सव्वा कोटींचा होकार : मुंदडा प्रकरणातील आज्ञा, सल्ला आणि मौन

जून १९५७ मध्ये आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा या कलकत्त्याच्या धनिकाच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर विकत घेतले. त्यातून उद्भवलेले प्रकरण संसदीय इतिहासाच्या ग्रंथांतून बहुधा मंत्र्याच्या जबाबदारीचे उदाहरण म्हणून येते, आणि अर्थशास्त्राचे अभ्यासक त्याकडे सार्वजनिक निधीच्या गुंतवणुकीचा प्रश्न म्हणून पाहतात. दोन्ही दृष्टी योग्यच आहेत. प्रस्तुत लेखात मात्र त्याच प्रकरणाच्या एका निराळ्या अंगाकडे लक्ष वेधावयाचे आहे. हा पैसा ज्या शब्दाने हलला तो शब्द कोणाचा होता, आणि तो आज्ञा होता की सल्ला, हे ठरविण्यातच न्यायमूर्ती छागला यांच्या चौकशीचा मोठा भाग खर्ची पडला. भाषेच्या अभ्यासकाने या चौकशीकडे आजवर पाठ फिरवावी याचे आम्हांस नवल वाटते.

प्रथम नावाविषयी थोडेसे. इंग्रजी लेखनावरून मराठीत कित्येक ठिकाणी ‘मुंध्रा’ असे रूप आले आहे. मूळ आडनाव मारवाडातील माहेश्वरी समाजातले असून महाराष्ट्रात स्थायिक झालेली त्याच आडनावाची कुटुंबे ते ‘मुंदडा’ असेच लिहितात. म्हणून येथे तेच रूप योजिले आहे. नावाहून अवघड प्रश्न या गृहस्थाच्या व्यवसायास काय म्हणावे हा आहे. सावकार आपल्या पदरचा पैसा व्याजाने लावतो. सराफाची पेढी असते. कारखानदार माल काढतो. मुंदडा यांचा मार्ग यांपैकी कोणताच नव्हे. विजेचे दिवे विकण्यापासून त्यांनी आरंभ केला असे सांगतात. स्वातंत्र्यानंतर ब्रिटिश मालकीच्या जुन्या कंपन्यांचे शेअर बाजारात येऊ लागले, तेव्हा कर्जाऊ पैशाने ते मोठ्या प्रमाणावर घ्यावे, कंपनीचा ताबा मिळवावा, तेच शेअर बँकेकडे तारण ठेवावे आणि त्या पैशाने दुसऱ्या कंपनीकडे वळावे, असा त्यांचा क्रम होता. असा डोलारा भाव चढते आहेत तोवरच उभा राहतो. भाव उतरले की बँका जादा तारण मागतात. तारण द्यावयास शेअर विकावे, तर भाव आणखी उतरतात. १९५७ च्या उन्हाळ्यात मुंदडा नेमके या कोंडीत सापडले होते. त्यांस असा गिऱ्हाईक हवा होता, की जो एकदम फार मोठा माल घेईल आणि घेताना फारशी घासाघीस करणार नाही.

असा गिऱ्हाईक देशात नुकताच जन्मास आला होता. १९ जानेवारी १९५६ रोजी वटहुकुमाने आयुर्विम्याचा धंदा सरकारने आपल्या हाती घेतला. त्या वेळचे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख. महाडजवळच्या नाते या गावी जन्मलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. खाजगी विमा कंपन्यांचे चालक विमेदारांचा पैसा आपल्याच उद्योगांत गुंतवितात, हे राष्ट्रीयीकरणाचे एक प्रमुख कारण होते. रामकृष्ण दालमिया यांच्या भारत इन्शुरन्स कंपनीच्या निधीचे प्रकरण लोकसभेत फिरोज गांधी यांनी मांडले होते, ते फार जुने झाले नव्हते. १ सप्टेंबर १९५६ रोजी महामंडळ अस्तित्वात आले आणि २४५ लहानमोठ्या विमासंस्थांचा निधी त्याच्या एका तिजोरीत जमा झाला. मुंबईच्या प्रश्नावर देशमुखांनी त्याच वर्षी मंत्रिपद सोडले आणि त्यांच्या जागी टी. टी. कृष्णम्माचारी आले. म्हणजे धनिकांच्या हातून विमेदाराचा पैसा सोडविण्यासाठी जी संस्था निर्माण झाली, ती वर्षाचीही झाली नव्हती तोच एका धनिकाच्या साहाय्यास धावली. या प्रकरणाने त्या काळी जो क्षोभ उत्पन्न केला, त्याचे मर्म रकमेत नसून येथे आहे.

ज्या कंपन्यांचे शेअर घेतले गेले त्या रिचर्डसन अँड क्रुडास, जेसॉप, ब्रिटिश इंडिया कॉर्पोरेशन, स्मिथ स्टॅनिस्ट्रीट, ऑस्लर लॅम्प्स आणि अँजेलो ब्रदर्स. यांपैकी पहिली मुंबईतील भायखळ्याची. मुंदडा यांनी आपली अडचण अर्थखात्याचे प्रधान सचिव एच. एम. पटेल यांच्यापुढे मांडली. पटेल यांनी महामंडळाचे अध्यक्ष जी. आर. कामत आणि व्यवस्थापकीय संचालक एल. एस. वैद्यनाथन यांस त्यात घातले. काही दिवसांतच व्यवहार पुरा झाला. महामंडळाची गुंतवणूक समिती याच कामासाठी होती. तिला ही वार्ता व्यवहार झाल्यावर कळली.

आता कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावर बदलापूरच्या पलीकडे वांगणी हे स्टेशन लागते. तेथून रोज मुंबईस जाणाऱ्या एखाद्या कारकुनाने हजार-दोन हजारांचा विमा उतरविला, तर त्यास काय काय करावे लागते ते पाहावे. छापील अर्ज, वयाचा पुरावा, प्रकृतीविषयी प्रश्नांची उत्तरे, वैद्याचा दाखला, साक्षीदार, वारसाचे नाव, आणि प्रत्येक ठिकाणी सही. हप्त्याची तारीख टळली तर विमा रद्द होण्याचे भय. विमा हा मुळात लेखी वचनाचा व्यवहार आहे. कागदावर नाही ते वचन नाही, हे विमेदारास पहिल्या दिवशी शिकविले जाते. अशा लक्षावधी सह्यांनी जमलेल्या निधीतून सव्वा कोटी रुपये काढले गेले, आणि ते काढा असे सांगणारा सरकारचा एकही लेखी आदेश चौकशीत निघाला नाही. हे नुसते औचित्यभंगाचे कृत्य नव्हते. महामंडळाच्या १९५६ च्या कायद्याच्या २१ व्या कलमान्वये सार्वजनिक हिताच्या धोरणविषयक बाबतीत सरकारला महामंडळास मार्गदर्शन करता येते, परंतु ते लेखी असले पाहिजे असे त्या कलमात स्पष्ट म्हटले आहे. कायदा करणाऱ्यांनी तोंडी शब्दाचा धोका ओळखला होता. त्यांनी घातलेला तो एक शब्द, ‘लेखी’, वर्षाच्या आत निरर्थक ठरला.

लोकसभेत आधी प्रश्नोत्तरांत हा विषय निघाला, पण उत्तरांनी कोणाचे समाधान झाले नाही. १६ डिसेंबर १९५७ रोजी फिरोज गांधींनी तो सविस्तर मांडला. गांधी हे सत्ताधारी पक्षाचे सभासद आणि पंतप्रधानांचे जामात, हे सर्वश्रुत आहे. महामंडळाने बाजारभावाहून चढी किंमत दिली, हा त्यांच्या आक्षेपांतील एक प्रमुख मुद्दा होता. जानेवारी १९५८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश महंमद करीम छागला यांचे एकसदस्य मंडळ नेमण्यात आले. याच छागलांनी दीड वर्षापूर्वी लोकमान्य टिळकांच्या स्मरणार्थ न्यायालयाच्या दालनात शिलालेख बसविला होता. चौकशी मुंबईत उघडपणे झाली. गर्दी इतकी की बाहेर ध्वनिक्षेपक लावावे लागले. मंडळास साहाय्य करण्यास महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड उभे होते. अवघ्या चोवीस दिवसांत, १० फेब्रुवारी रोजी, अहवाल तयार झाला. नंतरच्या काळात चौकशी मंडळांची मुदत वर्षानुवर्षे वाढत गेलेली पाहिली म्हणजे हा वेग अद्भुत वाटतो.

साक्षींतील विरोध थोडक्यात असा. कामत व वैद्यनाथन म्हणाले, आम्ही सरकारची इच्छा पाळली. पटेल म्हणाले, मी आज्ञा केली नाही, सल्ला दिला; निर्णय महामंडळाचा. आणि मंत्र्यांस आपण मुंबईत ही गोष्ट सांगितली होती व त्यांची संमती होती. कृष्णम्माचारी म्हणाले, मी अशी संमती दिलेली नाही. तिघांपैकी कोणी असत्य बोलत होता काय, हा प्रश्न वृत्तपत्रांस रुचला. आमच्या मते अधिक विचारणीय शक्यता अशी, की एकच वाक्य वरच्याच्या तोंडी सल्ला आणि खालच्याच्या कानी आज्ञा असू शकते, व त्या दोहोंतील अंतर हेच अशा व्यवहाराचे सुरक्षित स्थान असते.

व्याकरणाला हे नवीन नाही. पाणिनीने लिङ् लकाराचे अर्थ सांगताना सहा निरनिराळ्या गोष्टी एकत्र गोविल्या आहेत : हाताखालच्या मनुष्यास कामास लावणे, टाळता न येणारे निमंत्रण, टाळता येणारे आमंत्रण, आदरपूर्वक विनवणी, विचारपूस आणि प्रार्थना. रूप एकच, भेद बोलणारा कोण व ऐकणारा कोण यावरून करावयाचा. मराठीचा विध्यर्थही असाच आहे. ‘हे शेअर घ्यावे’ या वाक्यात आज्ञा, उपदेश, योग्यता, विनंती यांपैकी काय आहे हे ‘घ्यावे’ या पदावरून कधीही निश्चित होणार नाही. योगायोग असा की ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी, बोलणे ही स्वतःच एक कृती असते या विषयावरची आपली व्याख्याने हार्वर्ड येथे १९५५ साली दिली होती. ती १९६२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, ग्रंथरूपाने आली. पटेल यांची साक्ष त्यांच्या हाती लागती तर एखादे उत्तम उदाहरण त्यांस मिळाले असते.

मराठी राज्याच्या दफ्तराशी परिचय असलेल्या वाचकास येथे आणखी एक गोष्ट सुचेल. शिवकाल-पेशवेकाळच्या कारभारी पत्रांत आज्ञा व विनंती यांचा घोटाळा सहसा होत नाही, तो भाषेच्या नेमकेपणामुळे नव्हे, तर पत्राच्या घडणीमुळे. हाताखालच्यास लिहिलेले पत्र ‘जाणिजे’ने संपते, बरोबरीच्याचे किंवा वडिलांचे निराळ्या प्रकारे, मायना निराळा, शिक्का निराळा, मोर्तब निराळे. ‘-आवे’ या प्रत्ययाने जे सांगता येत नाही ते कागदाची चौकट सांगते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात साहुकारांवर स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यांस राज्याची शोभा मानले आहे. साहुकाराकडून संकटसमयी राज्यास पैसा मिळतो, हे तेथील गृहीत. संकटसमयी राज्याने साहुकारास पैसा पुरवावा, ही कल्पना अमात्यांच्या स्वप्नातही आली नसेल. त्या कारभारात लाचलुचपत नव्हती असे सुचविण्याचा आमचा मुळीच हेतू नाही; ती भरपूर होती. मुद्दा एवढाच की हुकूम कोणाचा हे शोधण्यास तेथे कागद सापडतो.

कागद नसल्यामुळे छागलांस परिस्थितीवरून अनुमान करावे लागले, आणि ते त्यांनी निर्भीडपणे केले. बाजार सावरण्यासाठी ही खरेदी झाली, हे समर्थन त्यांनी नाकारले; सावरावयाचे होते ते मुंदडा यांस, असा त्यांचा निष्कर्ष. पटेल यांचा सल्ला हा नावाचा सल्ला होता. कामत हे स्वतः प्रशासकीय सेवेतले. अर्थसचिव हे त्यांस महामंडळाबाहेरचे गृहस्थ वाटलेच नाहीत, ते वरिष्ठ वाटले. महामंडळावर नेमलेल्या अधिकाऱ्याची निष्ठा महामंडळाशी असावी, ही छागलांची शिफारस या निरीक्षणातून आली आहे. मंत्र्यांविषयीचा निर्णय सर्वांत नाजूक. प्रत्यक्ष संमतीचा पुरावा दोघांच्या परस्परविरोधी बोलण्यापलीकडे नव्हता. पण व्यवहार कळल्यावर मंत्र्यांनी तो धिक्कारला नाही, सचिवास जाब विचारला नाही, हे निर्विवाद होते. आपल्या सचिवाच्या कृत्याची घटनात्मक जबाबदारी मंत्र्यास झटकता येत नाही, असे छागलांनी ठरविले. ‘मौनं संमतिलक्षणम्’ हे आपल्याकडे लग्नकार्यात म्हणतात. येथे ते राज्यघटनेच्या प्रांगणात शिरले. फेब्रुवारीतच कृष्णम्माचारींचा राजीनामा झाला.

हा निर्णय कठोर झाला असे म्हणणारे तेव्हाही होते. आमच्या मते मौनाचा अर्थ लावण्यात छागला चुकले नाहीत. सामान्य माणसाचे मौन अनेकार्थी असते. ज्याच्या एका ‘नाही’ने व्यवहार थांबतो, त्याचे मौन तितके अनेकार्थी राहत नाही. लेखी आदेशाचा आग्रह मात्र सर्वरोगहारी नव्हे. कुटिल हेतू कागदावरही उतरतो, आणि सुवाच्य अक्षरांत उतरतो. पण तेव्हा निदान अक्षर कोणाचे हे विचारता येते. महामंडळाच्या कारभारात सरकारने ढवळाढवळ करू नये, करावयाचीच तर लेखी आदेश द्यावा, निधीचा विनियोग विमेदारांच्याच हितासाठी व्हावा, आणि मंत्र्याने अशी गोष्ट प्रथमावसरी संसदेस सांगावी, ही छागलांनी नमूद केलेली तत्त्वे पाहिली तर त्यांतील दुसरे तत्त्व कायद्यात आधीपासूनच होते, हे ध्यानात येते. न्यायाधीशास कायद्याचाच शब्द शिफारस म्हणून पुन्हा लिहावा लागला.

पुढील हकीकत लवकर सांगता येते. मुंदडा यांस अटक झाली, खटले झाले, शिक्षाही झाली. अधिकाऱ्यांच्या वर्तनाची चौकशी नागपूर उच्च न्यायालयाचे पूर्वीचे मुख्य न्यायाधीश व्हिव्हियन बोस यांच्या अध्यक्षतेखाली झाली. त्यानंतर लोकसेवा आयोगाने पटेल यांच्याविषयी पुष्कळ सौम्य मत दिले. कृष्णम्माचारी १९६३ मध्ये पुन्हा अर्थमंत्री झाले, आणि १९७७ मध्ये त्याच खुर्चीवर एच. एम. पटेल बसले. भायखळ्याची रिचर्डसन अँड क्रुडास कंपनी १९७० नंतरच्या दशकात सरकारच्या मालकीची झाली. तो ताबा मात्र रीतसर कागदपत्रे करून घेण्यात आला.