काऊबॉयच्या सिनेमातून कोण गायब झालं?

थोडं लांबलंय, सवडीने वाचा.

काऊबॉयचा सिनेमा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गोरा गडी येतो. टोपी, घोडा, कमरेला पिस्तूल. आणि समोरून डोक्यात पिसं खोचून आरोळ्या ठोकत येणारे 'रेड इंडियन', म्हणजे तिथले मूळचे आदिवासी. यावर कुणी बोललं की ठरलेलं उत्तर येतं, "अहो, काळच तसा होता." मला हे काही पटत नाही. कारण सुरुवात तशी नव्हतीच.

1910 सालचा 'व्हाइट फॉन्स डिव्होशन' घ्या. त्याचा दिग्दर्शक जेम्स यंग डीअर हा आदिवासी वंशाचा. पाथे कंपनीचा लॉस एंजेलिसकडचा स्टुडिओ तो सांभाळायचा. म्हणजे नुसता घोड्यावर बसायला ठेवलेला नाही, कोण घोड्यावर बसणार हे ठरवणारा! त्याची बायको लिलियन सेंट सिर ही नेब्रास्कातल्या विनेबागो जमातीची. पडद्यावर तिचं नाव रेड विंग.

1914 साली सेसिल डीमिल आणि ऑस्कर ॲपफेल यांनी 'द स्क्वॉ मॅन' काढला. हॉलिवूडमध्ये चित्रित झालेला पहिला पूर्ण लांबीचा सिनेमा म्हणून तो ओळखला जातो. (नावातला 'स्क्वॉ' हा शब्द आज तिकडे शिवीच मानतात.) त्यात आदिवासी नायिका होती रेड विंग. हीच गोष्ट डीमिलने 1918 मध्ये पुन्हा काढली, तेव्हा ती भूमिका ॲन लिटल या गोऱ्या नटीला दिली. 1931 मध्ये तिसऱ्यांदा काढली, तेव्हा मेक्सिकोच्या लुपे वेलेझला. गोष्ट तीच, दिग्दर्शक तोच. आदिवासी बाई तेवढी गेली. रेड विंग पुढे न्यूयॉर्कला राहिली, आदिवासी पद्धतीचे पोशाख शिवायची. 1974 मध्ये वारली.

बरं, तेव्हा कुणाला खटकत नव्हतं असंही नाही. 1911 मध्येच आदिवासींची शिष्टमंडळं थेट वॉशिंग्टनला गेली होती, सिनेमात आम्हाला चुकीचं दाखवतात ही तक्रार घेऊन. सरकारदरबारी निवेदन द्यायचं आणि परत यायचं, हे आपल्या बातमीदारांना काय नवीन?

कृष्णवर्णीयांचं तर आणखी विचित्र. 1865 नंतर टेक्सासमधून गुरांचे कळप उत्तरेकडे हाकत नेणाऱ्यांत चारातला एक तरी कृष्णवर्णीय असावा, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. मोठ्या कंपन्यांच्या सिनेमात मात्र हे काऊबॉय शोधून सापडत नाहीत.

सापडतो तो बिल पिकेट. टेक्सासचा हा गडी पळत्या घोड्यावरून बैलाच्या शिंगांवर झेप घ्यायचा, बैलाचा ओठ दातात धरायचा आणि त्याला लोळवायचा. आजच्या रोडिओतला 'बुलडॉगिंग' हा खेळ त्याच्याच नावावर जातो. 1922 मध्ये रिचर्ड नॉर्मन या फ्लोरिडातल्या गोऱ्या निर्मात्याने त्याला घेऊन 'द बुल-डॉगर' काढला. चित्रीकरण ओक्लाहोमातल्या बोलीला, जे गावच कृष्णवर्णीयांनी वसवलेलं. सिनेमा चालला तो मुख्यतः कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या थेटरांत. म्हणजे खरा काऊबॉय पडद्यावर आला, पण बघितला त्याच्याच लोकांनी. त्या सिनेमाचे आता फक्त तुकडे शिल्लक आहेत.

आणि 1956 चा जॉन फोर्डचा 'द सर्चर्स', ज्याला आजही थोर मानतात? त्यातला कोमांची सरदार झालाय जर्मनीत जन्मलेला हेन्री ब्रँडन. त्याच्यामागे घोड्यांवर बसलेले आदिवासी खरे आहेत, पण तेही कोमांची नव्हेत, नवाहो.